१४. राजवाडा, वाव

१४. बडोद्यात राजवाडे अनेक. सरकारवाडा, नजरबाग, मकरपुरा हे सगळे लेखकाच्या काळी उभे होते. पण दरबार हॉलची मोझॅइक फरशी आणि राजा रविवर्म्याची चित्रे यांचा उल्लेख पाहता इथे लक्ष्मीविलासच अभिप्रेत आहे. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी तो बांधवला; १८९०त पूर्ण. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, ज्याने कोल्हापूरचा नवा राजवाडाही आखला. १८८१त तो वारल्यावर रॉबर्ट चिझमने काम तडीस नेले. इमारत कोसळेल या धास्तीने मँटने जीव दिला, ही वाटाडे हमखास ऐकवतात ती गोष्ट ऐकीव समजावी; लेखकाने ती गाळली हे बरेच केले. ‘विलायती बगीचा’ म्हणजे विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानरचनाकाराने आखलेला भोवतालचा परिसर. ‘वाव’ ही पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येणारी विहीर. गुजरातेत अशा पुष्कळ आहेत. आवारातली ही नवलखी वाव पंधराव्या शतकाच्या आरंभीची, गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीतली. त्यामुळे मजकुरात तिचे श्रेय ‘महाराजांना’ दिले आहे ते चूक.