नोंद गळू नये म्हणून

न्हावऱ्याच्या घोडगंगा सहकारी साखर कारखान्यावर कोणी प्रबंध लिहायला घेतला, तर त्याच्या संदर्भयादीत पुस्तकं मोजकी असतील. वार्षिक अहवाल, सभेच्या नोटिसा आणि इतिवृत्तं मात्र ढीगभर. अशी यादी आज अनेक जण 'बिब' फाइलमध्ये ठेवतात. ती वाचण्यासाठी पायथॉन या संगणकभाषेत 'बिबटेकपार्सर' नावाची लायब्ररी आहे. तिच्या पहिल्या आवृत्तीत, वेगळं काही सांगितलं नाही तर, ठरावीक प्रकारांबाहेरची नोंद वगळली जाते. अहवालाला 'रिपोर्ट' हा नंतर रूढ झालेला प्रकार दिला की तो गेला. फाइल वाचून पुन्हा लिहिली तर नवी फाइल नीटनेटकी दिसते, आणि कारखान्याचा अहवाल तिच्यात नसतो.

हे ठरावीक प्रकार कुठून आले? १९८५ मध्ये ओरेन पटाश्निक यांनी लेस्ली लँपोर्ट यांच्या लाटेक या मजकूर-मांडणीच्या साधनासाठी बिबटेक ही संदर्भयादीची आज्ञावली लिहिली; बिब फाइल तिचीच. नोंदीचा साचा त्यांनी बऱ्याच अंशी 'स्क्राइब'वरून घेतला. स्क्राइब ही ब्रायन रीड यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार केलेली मजकूर-मांडणीची प्रणाली. नोंदीच्या सुरुवातीचं ॲटचं चिन्ह तिचंच. ग्रंथ, लेख, परिषदेतला निबंध, प्रबंध, तांत्रिक अहवाल असे चौदाएक प्रकार अमेरिकन विद्यापीठाच्या गरजेतून ठरले. सहकारी संस्थेचं इतिवृत्त त्यांच्या डोळ्यांसमोर असण्याचं कारण नव्हतं.

आपल्याकडे ठरलेल्या रकान्यांची नोंद याहून शंभरेक वर्षं जुनी. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायद्यानं छापखान्यांना पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करणं बंधनकारक केलं आणि दर तिमाहीला त्यांची यादी राजपत्रात येऊ लागली. त्या कायद्यातले रकाने मला आजही थक्क करतात: शीर्षक, भाषा, लेखक किंवा अनुवादक, विषय, छपाईचं ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, पानं, आकार, आवृत्ती, किती प्रती काढल्या, खिळ्यांवर छापलं की शिळाप्रेसवर, किंमत किती. प्रतींची संख्या आणि छपाईची रीत यांसाठी बिबटेकच्या मूळ साच्यात जागाच नाही. सरकारचा हेतू पाळतीचा होता हे खरं, पण पुढच्या अभ्यासकाच्या हाती त्यातून मोठं धन पडलं.

मराठीत या कामाचा कळस म्हणजे शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. पहिला भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. मराठी मुद्रित ग्रंथांच्या इतिहासावर काम करणारा आजही आधी 'दाते सूची' उघडतो. सूचीकाराचा धर्म तिच्यात दिसतो: पुस्तक वर्गात बसो न बसो, ते झालं एवढं नोंदलं गेलंच पाहिजे.

मराठी नाव बिब फाइलमध्ये शिरलं की अडचणी वाढतात. सूचीच्या सवयीनं आडनाव आधी लिहून स्वल्पविराम विसरला, 'दाते शंकर गणेश' असं लिहिलं, तर बिबटेक वडिलांचं नाव आडनाव धरतं. दोन लेखकांमध्ये 'आणि' घातलं तर दोघांचा एकच माणूस होतो. तिथं फक्त इंग्रजी 'अँड' चालतो. त्याहून खोल घोटाळा अक्षरांचा. 'न्हावरे' आपण तीन अक्षरांत वाचतो. युनिकोडमध्ये ती सात चिन्हं होतात, आणि यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट. जुनं बिबटेक बाइटच मोजतं. नावाचं आद्याक्षर काढायला सांगितलं की 'न्हा' राहतो बाजूला, एकट्या 'न'चाही तिसरा हिस्सा तेवढा हाती लागतो आणि छापताना तिथं कचरा उमटतो.

यात पटाश्निक यांचा दोष नाही. बिबटेकची ०.९९ आवृत्ती १९८८ ची. देवनागरी असलेलं युनिकोड १९९१ मध्ये आलं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीवर बेतलेली आहे, आणि त्याच वर्षी पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकनं तिचा मोठा प्रसार केला. दोन्ही कामं एकाच सुमारास चालली होती, एकमेकांच्या वाटेला न जाता. त्यांची गाठ पुढे 'बायबर'नं घातली: लाटेकच्या जगातल्या या नव्या साधनाला युनिकोड कळतं, आणि अनुक्रम लावताना ते भाषेचा नियम पाहतं.

बिबटेकपार्सरची दुसरी आवृत्ती मुळापासून नव्यानं लिहिली गेली. जुन्या आज्ञा तिच्यात चालत नाहीत, म्हणून अद्ययावत करणाऱ्याला आपला कोड बदलावा लागतो, आणि बरेच जण तेवढ्यासाठी ते टाळतात. माझ्या मते हा त्रास घ्यावा. नव्या रचनेत फाइलचे आधी तुकडे पाडले जातात. नावं फोडणं, सहलेखक वेगळे करणं ही कामं नंतरच्या स्वतंत्र टप्प्यांवर होतात, त्यामुळे 'आणि' ओळखणारा आपला टप्पाही मध्ये बसवता येतो. आणि जो तुकडा वाचता आला नाही तो 'फेल्ड ब्लॉक्स' या यादीत मूळ मजकुरासह शिल्लक राहतो. आवृत्ती बदलल्यावर पहिल्यांदा तीच यादी उघडावी, मग जुन्या आणि नव्या वाचनातल्या नोंदी मोजून ताळा घ्यावा. घोडगंगेचे अहवाल कोणत्या वर्षांपासून गळत होते, ते तिथं कळेल.