विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

‘सिकलसेल’मधला सिकल म्हणजे विळा. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली विळ्यासारख्या रक्तपेशींची नोंद केली. भारतात ती १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. आमच्या नंदुरबारच्या सातपुड्यात पोरांचे हातपाय त्याआधीही ठणकत होते. दुखण्याला नाव तेवढे नव्हते.

दुखणे उठले की शाळा बुडते. २०१७ साली ‘दीक्षा’ ॲप आले, २०२०च्या टाळेबंदीत धडे मोबाइलवर गेले. अंथरुणावरच्या पोराला केवढा आधार! पण धडगावकडे रेंजसाठी टेकडी चढावी लागे. ठणकत्या पायांनी ती कशी चढायची? शिवाय धडा पुस्तकी मराठीत, पोर बोलते पावरी. माझ्याही घरची बोली पुस्तकात नव्हती, म्हणून हे सलते. भरपूर पाणी पी, थंडीत अंग झाक, ताप अंगावर काढू नको, एवढे तरी मोबाइलने त्याच्याशी पावरीत बोलावे.