अकरा ओळींनी अडवलेली दुपार

११ मार्च २०१६. ओकलंडमध्ये राहणाऱ्या अझर कोचुलु या प्रोग्रामरला किक या मेसेजिंग कंपनीची मेल येते. जावास्क्रिप्ट पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार असलेल्या एनपीएमवर त्याच्या एका पॅकेजचं नावही ‘किक’ आहे. ते कंपनीला हवंय. तो नाही म्हणतो.

१८ मार्च. एनपीएम ते नाव कंपनीला द्यायचं ठरवतं. कोचुलु दुखावतो.

२२ मार्च, पॅसिफिक वेळेनुसार दुपारचे अडीच वाजत आलेले. कोचुलु आपली २७३ पॅकेजेस एनपीएमवरून काढून टाकतो. त्यात एक लेफ्ट-पॅड. अवघ्या अकरा ओळी. मजकूर ठरलेल्या लांबीचा व्हावा म्हणून डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्यं भरायची, बस्स.

२.३०. पुण्यात पहाटेचे तीन. मिनिटाला शेकडो इन्स्टॉल पडू लागतात: ४०४, लेफ्ट-पॅड सापडत नाही. ज्यांनी हे नाव कधी ऐकलंही नाही, त्यांचेही बिल्ड लाल. नवी जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलणाऱ्या बॅबेलला लाइन-नंबर्स हे पॅकेज लागतं, लाइन-नंबर्सला लेफ्ट-पॅड.

मला सगळ्यात जास्त लागतं ते इथे. युनिट टेस्ट लिहिताना आपण किती जपतो! डेटाबेसच्या जागी स्टब, नेटवर्कच्या जागी मॉक, घड्याळसुद्धा खोटं. फंक्शन चुकलं तर दोष त्याचाच असावा, शेजाऱ्याचा नको. पण हा सगळा बंदोबस्त टेस्ट चालू झाल्यावरचा. त्या दुपारी ती चालूच होईना. नव्या धाटणीची जावास्क्रिप्ट टेस्टआधी बॅबेलमधून जायची, आणि बॅबेलच उतरत नव्हतं. मॉक घरात लावले होते, दार बाहेरून बंद झालं होतं.

२.४०. दहा मिनिटांच्या आत दुसरा एक प्रोग्रामर त्याच नावाचं, हुबेहूब तेच काम करणारं पॅकेज चढवतो. आवृत्ती १.०.०. तरी चुका थांबत नाहीत, कारण लाइन-नंबर्स नेमकी ०.०.३ मागतं. तोतया उत्तम होता, पण त्याला कुणी हाकच मारली नाही. मॉकचंही असंच होतं. कोड require('./mail') म्हणत असेल आणि आपण बदललं असेल दुसऱ्याच फाइलमधलं मॉड्यूल, तर आपला मॉक बाजूला पडून राहतो आणि टेस्टमधून खरी मेल निघून जाते. नक्कल किती अस्सल आहे हे मी नंतर बघतो. आधी बघतो, कोड नेमकं कुठे आणि कोणत्या नावाने हाक मारतोय.

४.०५. एनपीएम जाहीर करतं: मूळ ०.०.३ बॅकअपमधून परत आणतोय. काढलेली आवृत्ती पुन्हा चढवायची सोयच नव्हती. असं आधी कधी केलेलं नव्हतं.

४.५५. काम पूर्ण. इन्स्टॉल पार पडतात, अडकलेल्या टेस्ट धावू लागतात आणि पहिल्या फेरीतच हिरव्या होतात. अडीच तासांत त्यांच्या कोडमधलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.