शिशिर सरताना : घराच्या बागेतील वन्यजीवांचे निरीक्षण आणि चित्रीकरण

माघ शुद्ध पंचमीला वसंतपंचमी साजरी होते. पंचांगातला वसंत ऋतू मात्र चैत्रापासून सुरू होतो. या दोहोंच्या मधला, म्हणजे साधारणपणे फेब्रुवारीच्या आरंभापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ महाराष्ट्रातील शहरी बागांमध्ये मोठ्या घडामोडींचा असतो. हिवाळाभर मुके असलेले पक्षी गाऊ लागतात, पानगळ झालेली झाडे फुलांनी लगडतात, परदेशी पाहुणे परतीची तयारी करतात आणि पहिली घरटी विणली जातात. हे सारे पाहण्यासाठी अभयारण्यात जाण्याची गरज नसते. सोसायटीचे आवार, बंगल्याची परसबाग किंवा चार कुंड्यांची गच्चीदेखील त्यासाठी पुरेशी ठरते. मोबाइलमधील कॅमेऱ्यांमुळे हे क्षण टिपणे आता कोणालाही शक्य झाले आहे. मात्र याच काळात पक्ष्यांची वीण सुरू होत असल्याने कॅमेऱ्याचा अविचारी वापर घरट्याच्या मुळावर येऊ शकतो. त्यामुळे काय पाहावे, याइतकेच किती अंतरावरून पाहावे, हे जाणून घेणे महत्त्वाचे आहे.

बदलाचे कारण

मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. २१ मार्चच्या सुमारास तो बारा तासांच्या थोडा पुढे जातो. दिनमानातील ही वाढ पक्ष्यांच्या शरीरातील संप्रेरकांना चालना देते. नरांना कंठ फुटतो, पिसांना झळाळी येते आणि प्रत्येक जण आपापल्या हद्दीची राखण करू लागतो. झाडांचे वेळापत्रकही याला पूरक असते. काटेसावर, पांगारा आणि पळस ही झाडे पाने गाळून नेमक्या याच दिवसांत फुलतात. पाने नसल्यामुळे फुलांवर आलेला पक्षी सहज दिसतो आणि चित्रीकरणासाठी मोकळी चौकट मिळते. काटेसावरीच्या एका झाडावर सकाळच्या तासाभरात साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, कावळे आणि खारी अशी वर्दळ पाहायला मिळते. रात्री त्याच फुलांवर वटवाघळे येतात. लहान बागेत हे काम शेवगा करतो. त्याच्या पांढऱ्या फुलांवर सूर्यपक्षी, मधमाश्या आणि काळे भुंगे हमखास आढळतात.

कोणाला पाहावे?

मुंबईचा ‘शहरपक्षी’ म्हणून २०११ मध्ये निवडला गेलेला तांबट हा या दिवसांचा पहिला दूत म्हणावा लागेल. थंडीत तो क्वचितच ओरडतो. फेब्रुवारीत मात्र उंच, निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर बसून मिनिटाला शंभराहून अधिक वेळा ‘टुक् टुक्’ असा ठोका तो देत राहतो. प्रत्येक ठोक्याला त्याचा गळा फुगतो, चोच मात्र मिटलेलीच असते. ओरडताना तो मान इकडून तिकडे वळवत असल्याने आवाज नेमका कुठून येतो, याचा अंदाज चुकतो. शेंडे एकेक करून नजरेखालून घातले, की हिरवा, लाल कपाळाचा हा छोटा पक्षी सापडतो. याच सुमारास नर आणि मादी मिळून सुकलेल्या वा पोकळ लाकडाच्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक पाडू लागतात.

दयाळ हा दुसरा गायक. काळ्या-पांढऱ्या रंगाचा हा नर हिवाळ्यात झुडपांखाली निमूटपणे किडे वेचत असतो. फेब्रुवारी-मार्चपासून तो पहाटेच्या अंधारातच इमारतीच्या कठड्यावर किंवा अँटेनावर बसून गाऊ लागतो. कोकीळही याच दिवसांत आपले मौन सोडतो.

जांभळा सूर्यपक्षी अर्थात शिंजीर हा रूपांतरासाठी पाहावा. विणीचा हंगाम नसताना नराचे पोट पिवळसर असते आणि गळ्यापासून खाली एकच गडद पट्टा दिसतो. हंगाम जवळ येताच हळूहळू नवी पिसे येऊन तो पूर्ण निळा-जांभळा, धातूसारखा चकाकणारा होतो. एकाच फुलझाडावर दर आठवड्याला त्याचे चित्रीकरण केल्यास हा बदल क्रमाने नोंदवता येतो. त्याची मादी कोळ्याच्या जाळ्यांनी आणि सालींच्या तुकड्यांनी लोंबते घरटे एकटीच बांधते.

पाहुण्यांचा निरोप हाही या ऋतूचाच भाग आहे. पूर्व युरोप आणि मध्य आशियात वीण करणाऱ्या पळसमैना, म्हणजेच भोरड्या, पळस-पांगाऱ्याचा मध चाखून एप्रिलपर्यंत परततात. थंडीत बागेत दिसणारे करडा धोबी आणि लाल कंठाचा माशीमार हेही मार्च-एप्रिलमध्ये निघून जातात. पक्षी पहिल्यांदा दिसला ती तारीख बहुतेक जण लिहून ठेवतात. शेवटचा कधी दिसला, याची नोंद मात्र राहून जाते. वास्तविक दोन्ही नोंदी सारख्याच मोलाच्या असतात.

पक्ष्यांपलीकडेही पाहण्यासारखे पुष्कळ असते. कढीपत्त्याच्या वा लिंबाच्या कुंडीत काळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या सापडतात. लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि शेवटची कात टाकल्यावर हिरव्यागार होतात. कोष गडद होऊन त्यातून पंखांची नक्षी दिसू लागली, की फुलपाखरू बाहेर पडण्याची वेळ जवळ आली, असे समजावे. ही घटना बहुधा सकाळी घडते. कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून ठरावीक अंतराने छायाचित्रे घेतल्यास ती संपूर्ण टिपता येते.

चित्रीकरणाचे तंत्र

मुंबईत फेब्रुवारीच्या आरंभी सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो, तर मार्चअखेरीस साडेसहाला. सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत उपयुक्त असतात. प्रकाश मऊ असतो, पक्षी चरण्यात गुंतलेले असतात आणि रहदारीचा गोंगाट कमी असल्याने ध्वनिमुद्रणही स्वच्छ होते. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी. आडोसा म्हणून घराची खिडकी उत्तम; पडदा ओढून त्याच्या फटीतून चित्रीकरण केल्यास पक्ष्यांना माणसाची चाहूल लागत नाही. पक्ष्याचा पाठलाग करण्याऐवजी तो पुन्हा पुन्हा येतो ती फांदी वा फूल हेरावे, तेथे आधीच फोकस साधून ठेवावा आणि वाट पाहावी. पक्षी ज्या उंचीवर आहे, त्याच उंचीवर कॅमेरा असेल तर दृश्य अधिक जिवंत वाटते. सेकंदाला १२० चौकटींनी टिपलेले दृश्य २५ चौकटींनी दाखविल्यास हालचाल जवळजवळ पाचपट संथ दिसते. फुलासमोर क्षणभर तरंगणाऱ्या सूर्यपक्ष्यासाठी ही सोय उपयोगी पडते.

रात्री येणाऱ्या उदमांजरासारख्या प्राण्यांसाठी स्वयंचलित कॅमेरा वापरला जातो. त्यातील संवेदक उष्णतेची हालचाल ओळखतो. त्यामुळे भर उन्हात तापलेली पाने हलली तरी तो सुरू होतो आणि हवेचे तापमान प्राण्याच्या शरीराइतके झाले, तर खराखुरा प्राणीही त्याच्या नजरेतून निसटतो. मार्चमधील दुपारी त्याच्यावर विसंबून राहू नये. हा कॅमेरा शेजाऱ्यांच्या दारे-खिडक्यांकडे रोखला जाणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

उथळ पसरट भांड्यातील पाणी हे पक्ष्यांना बोलावण्याचे सर्वांत निर्धोक साधन आहे. भांडे मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या, पण झाडाजवळच्या जागी ठेवावे आणि डासांची पैदास टाळण्यासाठी पाणी रोज बदलावे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणे मात्र टाळावे. तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून नर चरणे आणि घरट्याची राखण सोडून धाव घेतो. खिडकीच्या काचेतील स्वतःच्या प्रतिबिंबाशी झुंजणारा बुलबुल किंवा सूर्यपक्षी हा गमतीचा विषय नव्हे. अशा वेळी काच बाहेरून कागदाने वा कापडाने झाकावी.

घरटे : कॅमेऱ्याची लक्ष्मणरेषा

बुलबुल अनेकदा गॅलरीतील कुंडीत किंवा वेलीत घरटे करतो. पिल्ले स्पष्ट दिसावीत म्हणून आड येणारी पाने बाजूला करण्याचा मोह येथेच होतो. ती पाने घरट्याला ऊन आणि शत्रू या दोहोंपासून वाचवत असतात. माणसाच्या वारंवार फेऱ्या कावळे आणि भारद्वाज यांच्या नजरेतून सुटत नाहीत. घरटे हेरून अंडी-पिल्ले पळविण्यास त्यामुळे त्यांना मदतच होते. चोचीत भक्ष्य घेऊन आलेला पालक घरट्यात न शिरता शेजारच्या फांदीवर बसून सतत ओरडत असेल, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून ताबडतोब मागे व्हावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देण्याचा समावेश आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. अनेक निसर्ग छायाचित्रण स्पर्धांनीही घरट्यांची छायाचित्रे स्वीकारणे बंद केले आहे.

घरट्यांना याहून मोठा धोका असतो तो करवतीचा. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची कामे सोसायट्यांमध्ये बहुधा मार्च ते मे या काळात, म्हणजे ऐन विणीच्या दिवसांत होतात. ‘सुकलेली फांदी’ म्हणून प्रथम तोडली जाणारी फांदीच तांबटाचे घर असू शकते. येथे दुरून केलेल्या चित्रीकरणाचा खरा उपयोग होतो. कोणत्या फांदीवर, कोणत्या तारखेपासून, कोणत्या पक्ष्याची ये-जा आहे, हे दाखविणारी दोन मिनिटांची चित्रफीत कार्यकारिणीपुढे ठेवल्यास तेवढी फांदी वगळण्याची विनंती पुराव्यासह करता येते. बुलबुलाच्या घरट्यात अंडी घातल्यापासून पिल्ले उडून जाईपर्यंत सुमारे चार आठवडे लागतात. धोकादायक नसलेल्या फांदीची छाटणी एवढे दिवस पुढे ढकलणे बहुतेक वेळा अशक्य नसते.

नोंदींचे मोल

घराजवळच्या साध्या निरीक्षणातूनही मोलाचे ज्ञान हाती येते, हे डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळील किहीम येथे दाखवून दिले. नर सुगरण घरटे अर्धेमुर्धे विणतो, मादीने ते पसंत केल्यावरच पूर्ण करतो आणि मग दुसरे विणायला घेतो, हा क्रम त्यांनी तेथे चिकाटीने पाहून उलगडला. आज अशा नोंदी ‘ई-बर्ड’ या संगणकीय नोंदवहीत कोणालाही करता येतात. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये भारतीय पक्षिनिरीक्षक २०१३ पासून सहभागी होत आहेत; त्यासाठी घराच्या खिडकीत पंधरा मिनिटे बसून पक्षी मोजले तरी चालते. तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या अशा नोंदींवरच २०२३ मध्ये देशातील ९४२ पक्षिजातींच्या स्थितीचा अहवाल तयार झाला. झाडांच्या पालवी-फुलोऱ्याच्या नोंदींसाठी ‘सीझनवॉच’ हा उपक्रम आहे.

म्हणूनच प्रत्येक चित्रफितीसोबत तारीख, वेळ, जागा आणि झाडाचे नाव लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. घरट्याची जागा मात्र वीण संपेपर्यंत जाहीर करू नये. पहिला तांबट कधी बोलला, पांगारा कधी फुलला, धोबी शेवटचा कधी दिसला, अशा चार-पाच वर्षांच्या नोंदी एकत्र पाहिल्या, की आपल्या बागेतला ऋतुबदल कसा होतो आणि तो पुढे-मागे सरकत आहे का, हे स्वतःच पडताळून पाहता येते.