मूळ कथा पुरी होण्याआधी



जपानी चित्रकथांचे आणि त्यांवरून निघणाऱ्या चलच्चित्रमालिकांचे चार रसिक एकत्र जमले, की त्यांच्यात एक वाद हटकून माजतो. एकजण म्हणतो, मालिकेने मूळ कथेची माती केली. दुसरा म्हणतो, कागदावर जे निश्चल पडले होते त्यात मालिकेनेच प्राण फुंकला. आवडती कादंबरी वाचून तिचे नाटक पाहावयास गेलेला आपल्याकडचा प्रेक्षक ज्या तळमळीने भांडतो, तीच तळमळ येथेही दिसते. जपानात छापील चित्रकथेला 'मांगा' म्हणतात आणि हलत्या चित्रांच्या कथेला 'ॲनिमे'. 'ॲनिमे' हे 'ॲनिमेशन' या शब्दाचेच जपानी तोंडी आखूड झालेले रूप आहे. 'मांगा' हा शब्द मात्र पुष्कळ जुना. प्रख्यात चित्रकार होकुसाई याने १८१४ साली आपल्या रेखाचित्रांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो याच नावाने.

या वादाचा निकाल देण्याचा आज माझा हेतू नाही. त्याची पूर्वपीठिका मात्र सांगावयाची आहे. मालिका मुळापासून दूर गेली, असा आरोप ज्या वेळी होतो त्या वेळी मूळ कथा पुरी होऊन ग्रंथरूपाने सर्वांसमोर होती, असे आपण गृहीत धरून चालतो. वस्तुस्थिती बहुधा तशी नव्हती. मूळ लेखक अजून लिहीतच होता, आणि मालिका त्याच्या टाचेला टाच लावून धावत होती. रूपांतराच्या बहुतेक भानगडी या धावण्यातून निघाल्या आहेत.

या कथेचा आरंभ ओसामू तेझुका यांच्यापासून करणे युक्त होईल. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या या चित्रकाराने १९५२ पासून 'शोनेन' मासिकात यंत्रबालक आतोम याची कथा चालवली. पुढे स्वतःचीच संस्था काढून त्यांनी १ जानेवारी १९६३ रोजी आतोमला दूरचित्रवाणीवर आणले. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग द्यावयाचा, हे काम त्या काळी अशक्यप्राय मानले जाई. चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटींपुरते धरले तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. तेझुकांच्या मंडळींनी एकेक चित्र तीन चौकटी धरून ती संख्या ८ वर आणली. स्थिर चित्रांचा सढळ वापर केला. एकदा काढलेली चित्रे जपून ठेवून ती पुनःपुन्हा वापरली. मालिका विकली गेली तीही खर्चाहून कमी किमतीला. ही काटकसर पुढे या धंद्याची रीतच होऊन बसली, आणि तेझुकांच्या त्या संस्थेचे १९७३ साली दिवाळे निघाले.

मालिकेचे एकंदर १९३ भाग झाले. मूळ चित्रकथेत एवढा मजकूर कोठून असणार? तो संपताच नव्या कथा रचाव्या लागल्या. ३१ डिसेंबर १९६६ रोजी दाखवलेल्या अखेरच्या भागात पृथ्वीच्या रक्षणासाठी आतोम सूर्याच्या दिशेने झेपावतो आणि आत्मार्पण करतो. हा शेवट मालिकेचा स्वतःचा. पुढे १९६७ मध्ये तेझुकांनी 'सान्केई' या दैनिकात आतोमची नवी चित्रकथा सुरू केली, आणि तिचा आरंभ केला तो मालिकेच्या या शेवटापासूनच! मूळ आणि रूपांतर यांचे नाते असे पहिल्याच पिढीत उलटसुलट झाले. ज्याला आपण प्रतिबिंब म्हणतो त्याकडे पाहून बिंबाने आपली वाट ठरवली.

तेझुका मासिकात लिहीत होते. १९५९ साली मुलांसाठी दोन मोठी चित्रकथा-साप्ताहिके एकाच वेळी निघाली आणि लिहिण्याचा वेग वाढला. पण मालिकांची भूक त्याहूनही मोठी ठरली. साप्ताहिकातले एक प्रकरण पंधरा-वीस पानांचे. वाचक ते पाच-सात मिनिटांत वाचून बाजूला ठेवतो. मालिकेच्या एका भागाला वीस मिनिटांहून अधिक कथा लागते. तेव्हा कधी ना कधी मालिका कथेला गाठणार, हे त्रैराशिक शाळकरी मुलालाही सुटण्याजोगे आहे. गाठल्यावर काय करावयाचे? प्रसंग ताणावयाचा, किंवा मधे पदरची उपकथा घालावयाची. अकिरा तोरियामा यांच्या 'ड्रॅगन बॉल' या १९८४ ते १९९५ पर्यंत चाललेल्या कथेवरील 'ड्रॅगन बॉल झेड' ही मालिका याचे ठळक उदाहरण होय. ग्रह पाच मिनिटांत फुटणार, असे खलनायक फ्रीझा बजावतो, आणि ती पाच मिनिटे आठवड्यांमागून आठवडे लोटले तरी सरत नाहीत! या मालिकेचे २९१ भाग झाले. २००९ मध्ये तीच मालिका भरतीचा मजकूर छाटून नव्याने दाखवण्यात आली. म्हणजे मुळाशी जवळीक साधण्यासाठी रूपांतराचेच पुन्हा रूपांतर करावे लागले.

लेखक आणि दिग्दर्शक एकच असेल तर हा पेच सुटेल, असे कोणी म्हणेल. हायाओ मियाझाकी यांचे उदाहरण त्याला उत्तर आहे. त्यांनी १९८२ मध्ये 'आनिमेज' या मासिकात वाऱ्याच्या खोऱ्यातील राजकन्या नाउसिका हिची कथा लिहावयास घेतली, आणि १९८४ मध्ये स्वतःच तिचा चित्रपट केला. त्या वेळी कथा नुकती कोठे रंगात येत होती. चित्रपटाला शेवट तर हवाच; म्हणून तो नाउसिकेच्या बलिदानावर, तिच्या पुनरुज्जीवनावर आणि सलोख्याच्या आश्वासनावर येऊन थांबतो. चित्रकथा मात्र आणखी दहा वर्षे, १९९४ पर्यंत, चालली. तिच्या उत्तरार्धात नाउसिकेला कळते, की दूषित पृथ्वी शुद्ध करणारे ते विषारी अरण्य निसर्गाने नव्हे, तर पूर्वीच्या माणसांनीच योजून निर्माण केले होते. आणि आजची माणसे त्या विषाला इतकी सरावली आहेत, की उद्याच्या शुद्ध हवेत त्यांना जगताही येणार नाही. एकाच माणसाच्या हातच्या या दोन कृती आहेत. त्यांतला फरक बेइमानीचा नसून दहा वर्षांच्या चिंतनाचा आहे.

रसिकांच्या वादात सर्वाधिक येणारे उदाहरण मात्र हिरोमु आराकावा या लेखिकेच्या पोलादी किमयागाराचे, म्हणजे 'फुलमेटल अल्केमिस्ट'चे. मेलेल्या आईला किमयेच्या बळावर परत आणू पाहणारे दोन भाऊ त्या प्रयत्नात आपली शरीरे गमावतात, हे तिचे बीज. ही कथा २००१ मध्ये एका मासिकात सुरू झाली आणि २०१० मध्ये पुरी झाली. पहिली मालिका निघाली ती २००३ मध्ये, कथा अर्ध्यावरही नसताना. लेखिकेच्या संमतीने तिने आपली वाट वेगळी केली आणि ५१ भागांत थोरल्या भावाला थेट आपल्या जगातल्या युरोपात आणून सोडले. २००९ मध्ये त्याच चित्रसंस्थेने दुसरी मालिका काढली. ती ६४ भागांची असून मूळ कथेला धरून चालते. कथेचे अखेरचे प्रकरण आणि मालिकेचा अखेरचा भाग यांत महिन्याचेही अंतर पडले नाही. एका कथेची दोन संपूर्ण रूपे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची अशी संधी विरळा. दुसरी अधिक भरीव आणि सुसंगत आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि, गमावलेले सर्व काही परत मिळत नाही, हे दुःख पहिलीने जितके खोल नेले तितके दुसरीने नेलेले नाही. त्यामुळेच पहिलीचे चाहते आजही हटत नाहीत, आणि माझ्या मते ते चुकतही नाहीत.

अलीकडे निर्मात्यांनी निराळा मार्ग पत्करला आहे. बारा, तेरा किंवा पंचवीस भाग दाखवावयाचे आणि कथा पुढे जाईपर्यंत थांबावयाचे. हाजिमे इसायामा यांच्या 'अटॅक ऑन टायटन' या कथेवरील मालिकेचे पहिले पर्व २०१३ मध्ये आले आणि दुसरे २०१७ मध्ये; मूळ कथा २०२१ मध्ये संपली आणि मालिका २०२३ मध्ये. या पद्धतीने मुळाशी इमान राहते, भरतीचा मजकूर टळतो. मात्र रसिकाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते, आणि रूपांतरकाराने स्वतःच्या बुद्धीने कथा तडीस नेण्याचे धाडसही दुर्मिळ होते.

आणखी एक भेद कितीही इमान राखले तरी मिटणारा नाही. मांगात काळ वाचकाच्या बोटांत असतो. एखाद्या निःशब्द चौकटीपाशी तो हवा तेवढा थबकतो, मागचे पान पुन्हा उलटतो. ॲनिमेत काळ दिग्दर्शकाच्या हाती जातो. त्या बदल्यात आवाज, संगीत आणि रंग मिळतात. वाचताना ज्याच्या मनात नायकाचा एक आवाज घुमत असतो, त्याला नटाचा आवाज परका वाटणारच. पुष्कळांच्या तक्रारीचे मूळ येथे असते, कथानकातल्या फरकात नव्हे.

आपल्याकडे डोरेमॉन हिंदीत बोलत आला, आणि त्याचे मूळ छापील रूप न पाहिलेल्या मुलांनीही त्याला आपला मानला. त्या मुलांतील कित्येक आज मोठी होऊन मूळ चित्रकथा मिळवून वाचतात आणि वर सांगितलेल्या वादात हिरिरीने उतरतात. त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी हा पोरखेळ म्हणून झिडकारू नये. मूळ म्हणजे काय आणि त्याच्याशी इमान म्हणजे काय, हा साहित्याचा जुना प्रश्नच ही मुले आपल्या परीने सोडवीत असतात. वाद घालणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. मालिकेला दोष देण्यापूर्वी, ती निघाली त्या दिवशी मूळ कथा किती लिहून झाली होती, एवढे पाहून घ्यावे. पुरी झालेली कथा ज्याने बिघडवली, त्याला खुशाल जाब विचारावा. अपुऱ्या कथेला ज्याने आपल्या जबाबदारीवर शेवट दिला, त्याची कृती मात्र तिच्या स्वतःच्या गुणांवरच तोलली पाहिजे.