एका इंजिनाची ओळख

डब्ल्यूडीएम-२ हे नाव कदाचित आपल्या लक्षात नसेल, पण हे इंजिन आपण पाहिलेलं आहे. पुढे आखूड नाक, मग ड्रायव्हरची केबिन आणि मागे लांबलचक पेटी. गाडी सुटताना काळा धूर आणि पोटात घुमणारी ती घरघर. विजेच्या तारा जिथे पोचल्या नव्हत्या, तिथे कित्येक वर्षं आपल्या गाड्या याच इंजिनानं ओढल्या. पुण्याहून दौंडमार्गे सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्यांना ते असायचं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हा तिथेही ते धावलं. नावातला डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे प्रवासी व माल या दोन्ही कामांचं.

मला छोट्या आगगाड्यांचा नाद आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा नाद काय असतो ते सांगायला नको. आपल्या घरच्या रुळांवर आपल्या ओळखीचं इंजिन असावं, असं प्रत्येकाला वाटतं. अडचण ही, की दुकानात मिळणारी मॉडेलं बहुतेक अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या इंजिनांची असतात. मग तयार अमेरिकन इंजिन घ्यायचं आणि त्याला आपलं रूप द्यायचं, हा एक मार्ग उरतो. मी तोच धरला, आणि त्या करवतीच्या आणि कानशीच्या कामात मला रेल्वेचा बराच इतिहास शिकायला मिळाला.

सुरुवातीला प्रश्न पडला, की अमेरिकन इंजिन आपल्यासारखं दिसतंच कसं? कारण आपलं इंजिन मूळचं तिथलंच. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावची अल्को कंपनी, म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी. १९६२मध्ये पहिली डब्ल्यूडीएम-२ इंजिनं तिथून आली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. त्याच कंपनीच्या सहकार्यानं वाराणसीला डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. तिथे तयार झालेलं पहिलं इंजिन जानेवारी १९६४मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाला अर्पण झालं. गंमत पाहा, १९६९ साली अल्कोनं इंजिनं बांधणंच बंद केलं. वाराणसीत मात्र हे इंजिन १९९८पर्यंत बनत राहिलं, आणि एकूण संख्या अडीच हजारांच्या वर गेली. मूळ झाड वाळलं आणि इकडे लावलेली फांदी फोफावली.

म्हणून मी अल्कोच्याच आरएसडी-१२ या इंजिनाचं मॉडेल निवडलं. हे आपल्या इंजिनाचं चुलत भावंड. त्याची खालची बोगी पाहिली की नातं लगेच ओळखू येतं. बोगीत चाकांच्या तीन जोड्या, पण त्यांच्यातली अंतरं सारखी नाहीत. दोन जोड्या जवळ आणि एक लांब. आपल्याकडेही अगदी तसंच. तिला हात लावावा लागला नाही.

पुढे मात्र काम होतं. अमेरिकन इंजिनांना बफर नसतात, आपल्याला ते हवेतच. पितळी नळीचे तुकडे कापून ते बसवले. कठडे तारेचे नव्यानं वाकवले. लांब पेटीवरच्या जाळ्या आणि दारं जुळेनात, तेव्हा प्लास्टिकच्या पत्र्यातून ती बाजू पुन्हा बांधली, फटी लांबीनं बुजवल्या, पॉलिश पेपरनं घासल्या.

एक गोष्ट मात्र बदलता आली नाही. एचओ या मापात मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग करतात, आणि त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतरावर असतात. ते अमेरिका-युरोपच्या १४३५ मिलिमीटर रुंदीशी जुळतं. आपला मार्ग १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरवर हवेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या रेल्वेसाठी रुंद मार्ग ठरला, आणि त्या निर्णयाची किंमत मी माझ्या टेबलावर पावणेतीन मिलिमीटरनं मोजली. चाकं अरुंदच राहिली.

शेवटी रंग दिला आणि क्रमांक टाकला. एका छायाचित्रात पाहिलेला तो पाच आकडी क्रमांक, शेवटी आर हे अक्षर. फार ऐटीत मी ते इंजिन आमच्या ओळखीच्या एका निवृत्त ड्रायव्हरकाकांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावला, इंजिन हातात फिरवलं, आणि म्हणाले, ‘‘छान केलंस रे. पण हे इंजिन कधी झालंच नाही.’’

मी गप्प. मग त्यांनी समजावलं. आर म्हणजे पुन्हा बांधलेलं इंजिन. जुनी इंजिनं पतियाळासारख्या कारखान्यांत पाठवून नवी करत. कित्येकांची ताकद वाढवून ३१०० अश्वशक्ती केली, त्यांचा वर्गही बदलला. तोवर ब्रेकसुद्धा बदललेले. ‘‘आणि तू तर नुसती व्हॅक्युमची नळी लावलीयस. हवेच्या ब्रेकच्या नळ्या कुठायत? नाक पंचाहत्तर सालचं आणि नंबर दोन हजार सालचा, असं कसं चालेल?’’

मला ते लागलं, पण पटलंही. ‘डब्ल्यूडीएम-२’ एवढंच म्हटलं असतं, तर माझं मॉडेल चुकलं नसतं. क्रमांक लिहिला की ते एका विशिष्ट इंजिनाबद्दलचं विधान होतं, आणि विधानाला साल लागतं. इंजिन माणसासारखंच बदलतं. शेड बदलते, रंग बदलतो, ब्रेक बदलतात. ते कोणत्या वर्षीचं, हे ठरवल्याशिवाय त्याचं चित्र खरं होत नाही. इतिहासाच्या पुस्तकांतही आपण हेच करतो, दोन काळांची माणसं एकाच चित्रात उभी करतो आणि कुणी ड्रायव्हरकाका भेटेपर्यंत ती खपून जातात.

कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२मध्ये पूर्ण झालं. डब्ल्यूडीएम-२ इंजिनांपैकी बहुसंख्य मोडीत निघाली. प्रत्यक्ष लोखंड गेलं, की उरतात छायाचित्रं, कागद, आणि काकांसारख्यांच्या आठवणी. त्यातल्या आठवणी सगळ्यांत आधी जातात. म्हणून तेव्हापासून मी हातात करवत घेण्याआधी वही घेतो. जुने ड्रायव्हर, फिटर भेटले की विचारतो, लिहून ठेवतो.

आणि ते इंजिन? स्पिरिटच्या बोळ्यानं मी आर पुसला. मग काकांना विचारून त्यांनी स्वतः चालवलेल्या एका इंजिनाचा क्रमांक टाकला, त्यांनी सांगितलेल्या सालचा. व्हॅक्युमची नळी तशीच ठेवली. त्या साली तीच होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)