पायथॉनमधील संकेतस्थळे : स्वतःच्या संगणकावर चालते, सर्व्हरवर अडते

पायथॉन भाषेत संकेतस्थळ उभारण्यासाठी जँगो आणि फ्लास्क ही फ्रेमवर्क प्रामुख्याने वापरली जातात. जँगोचा जन्म अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या कचेरीत झाला. २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. फ्लास्क २०१० मध्ये आले. दोन्ही भरवशाची आहेत. तरीही प्रोग्रामरच्या संगणकावर बिनतक्रार चालणारे संकेतस्थळ सर्व्हरवर चढवताच कोसळते, हा अनुभव नेहमीचाच. अशा वेळी दोष बहुधा प्रोग्रामच्या तर्कात नसतो. तो दोन यंत्रांवरील परिस्थितीच्या फरकात दडलेला असतो.

त्रुटी आली की पायथॉन ‘ट्रेसबॅक’ नावाचा लांबलचक मजकूर दाखवतो. तो खालून वर वाचावा. शेवटच्या ओळीत त्रुटीचा प्रकार असतो. वरच्या ओळींपैकी पुष्कळशा फ्रेमवर्कच्या अंतर्गत फायलींच्या असतात. खालून वर जाताना स्वतःच्या फाईलचे नाव जिथे प्रथम दिसते, तिथून तपास सुरू करणे श्रेयस्कर.

‘मॉड्यूल सापडत नाही’ ही तक्रार बहुधा एकाच यंत्रावर पायथॉनच्या अनेक प्रती असल्यामुळे उद्भवते. पिपने पॅकेज एका प्रतीत बसवलेले असते आणि प्रोग्राम दुसरीच प्रत चालवत असते. प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र आभासी परिसर आणि पॅकेजांच्या आवृत्त्यांची नोंद असलेली फाईल ठेवल्यास हा घोळ टळतो. (स्वतःच्याच फाईलला ‘फ्लास्क’ हे नाव देणारेही काही कमी नाहीत, मग प्रोग्राम फ्लास्कऐवजी स्वतःलाच आयात करू पाहतो.)

जँगोमधील ‘डीबग’ ही सोय सर्व्हरवर बंदच असली पाहिजे. अन्यथा त्रुटी येताच संकेतस्थळाच्या अंतर्रचनेचा तपशील कोणाही परक्या माणसापुढे उघडा पडतो. मात्र ती बंद करताच दोन नव्या अडचणी समोर येतात. ‘अलाउड होस्ट्स’ या यादीत संकेतस्थळाचे नाव नसेल तर ४०० क्रमांकाची त्रुटी दिसते. शिवाय पानांची सजावट नाहीशी होते, कारण सजावटीच्या फायली पुरवण्याचे काम जँगो आता करत नाही. ‘कलेक्टस्टॅटिक’ ही आज्ञा चालवून त्या एका जागी गोळा कराव्या लागतात आणि ती जागा एनजिनेक्सला सांगावी लागते. ५०२ क्रमांकाची त्रुटी आली तर एनजिनेक्सच्या मागे असलेल्या गनिकॉर्नची नोंदवही पाहावी. त्याची मूळ कालमर्यादा ३० सेकंदांची आहे. मोठा अहवाल तयार करण्यासारखे काम त्याहून अधिक वेळ घेत असेल, तर मर्यादा वाढवत नेण्यापेक्षा ते काम सेलरीसारख्या पार्श्वभूमीवरील यंत्रणेकडे सोपवावे.

मराठी मजकुराच्या अडचणी याहून नाजूक आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ प्रकार तेवढेच सामावून घेतो. त्यामुळे मराठी बातमी साठवली जाते, पण ४ बाइटांचा इमोजी आला की अडते. ८.० आवृत्तीपासून मूळ निवडच ‘यूटीएफ८एमबी४’ आहे. लॅटिन-१ मधील जुन्या तक्त्यांचा धोका मात्र गंभीर आहे. अक्षरांच्या जागी परकीय चिन्हांची रांग दिसत असेल तर मूळ बाइट बहुधा शाबूत असतात आणि मजकूर परत मिळवता येतो. प्रत्यक्ष प्रश्नचिन्हेच साठवली गेली असतील, तर मूळ अक्षरे गेलीच. उरतो तो केवळ बॅकअपचा आधार.

मथळ्यावरून पानाचा पत्ता बनवणारे जँगोचे ‘स्लगिफाय’ हे साधन देवनागरी अक्षरे सरसकट गाळते आणि पत्ता रिकामा राहतो. युनिकोडला मुभा दिली तरी काने, मात्रा व वेलांट्या गळतातच. ‘गोवा’चे ‘गव’ आणि ‘मराठी’चे ‘मरठ’ होते. पायथॉन या चिन्हांना अक्षरे मानत नाही, हे त्यामागचे कारण. पत्त्यात लेखाचा क्रमांक वापरणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

वेळेचा प्रश्न किरकोळ वाटतो, परंतु वृत्तसंस्थळासाठी तो तसा नाही. नव्या जँगो प्रकल्पात वेळ जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. डेटाबेसमध्ये ती तशीच राहू द्यावी. वाचकाला दाखवण्यासाठी ‘आशिया/कोलकाता’ हा कालविभाग निवडावा. तसे न केल्यास पहाटे दोन वाजता प्रसिद्ध झालेली बातमी आदल्या दिवशीच्या तारखेखाली दिसते.